पत्रिका जुळली, पण व्हिसा?

मंडळी, आपल्या कॉलेजात प्रेमाचे दोन प्रकार आहेत. एक, कँटीनमध्ये सुरू होऊन सबमिशनपर्यंत टिकणारं. आणि दुसरं, अगदी फायनल इयरपर्यंत टिकणारं, पण जीआरईच्या स्कोअरपाशी येऊन अडखळणारं. हा लेख दुसऱ्या प्रकारच्यांसाठी आहे. पहिल्या प्रकारच्यांनीही चहा पिता पिता वाचायला हरकत नाही.

स्टोरी सगळ्यांना माहीत आहे. त्याला अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीचा ॲडमिट येतो, हिला कॅम्पसमधून पुण्यात नोकरी लागते. मग हॉस्टेलच्या गेटपाशी ठरतं, "दोन वर्षांत एमएस होईल, जॉब लागेल, लग्न करू, मग तू तिकडे ये." ऐकायला किती छान! सिनेमात हिरॉइन एअरपोर्टवर धावत येते आणि पडद्यावर नावं सरकायला लागतात. खऱ्या आयुष्यात एअरपोर्टच्या पुढे फॉर्म सुरू होतात. 'तू तिकडे ये' हे ठीक आहे हो, पण कोणत्या व्हिसावर? माझं म्हणणं एवढंच आहे की हा प्रश्न साखरपुड्याच्या आधी विचारला गेला पाहिजे. तिनेही आणि त्यानेही.

आधी एबीसीडी समजून घेऊ. आपले बहुतेक सीनियर्स अमेरिकेला जातात, म्हणून तिथलंच सांगते. एफ-१ वर शिकणाऱ्याची बायको एफ-२ वर जाते. तिला नोकरी करता येत नाही, म्हणजे अजिबातच नाही. शिकायचं म्हटलं तरी फक्त पार्ट टाइम. नवरा एच-१बी वर नोकरीला लागला की ती एच-४ वर येते. आता पूर्ण वेळ शिकता येतं, पण काम करायचं तर वेगळी परवानगी लागते. नवऱ्याला त्याच्या भारतातल्या कंपनीने एल-१ वर तिकडे पाठवलं असेल तर मात्र ती एल-२ वर जाते, आणि नोव्हेंबर २०२१ पासून अशा जोडीदाराला काम करण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. म्हणजे बघा, तीच मुलगी, तीच डिग्री, तोच नवरा. फक्त एक अक्षर बदललं की ती इंजिनियर असते किंवा नसते!

आता माझ्या मावसबहिणीचं सांगते. कॉम्प्युटर इंजिनियर, पुण्यात पाच वर्षं टेस्टिंगमध्ये होती, हाताखाली सहा जणांची टीम. २०२२ साली लग्न करून न्यू जर्सीला गेली. लव्ह मॅरेज, शंभर टक्के स्वतःच्या मर्जीने. नवरा अतिशय चांगला आहे. हे मुद्दाम सांगतेय, कारण अशा गोष्टीत आपण लगेच व्हिलन शोधायला लागतो. इथे व्हिलन कोणीच नाही. रात्री साडेनऊला मेसमधून परत आले की कधी कधी तिचा फोन येतो. तिकडे दुपार व्हायची असते, नवरा ऑफिसला गेलेला असतो. एकदा मी विचारलं, "ताई, बोअर होतं का गं?" ती म्हणाली, "बोअर नाही होत. पण मला कोणी 'हे कधीपर्यंत होईल?' असं विचारतच नाही." आपण इथे डेडलाइनच्या नावाने बोटं मोडतो, आणि तिला डेडलाइनची आठवण येते!

मग एच-४ वाल्यांना परवानगी मिळते तरी कधी? मे २०१५ पर्यंत ती नव्हतीच. त्यानंतर नियम आला की नवऱ्याच्या ग्रीन कार्डच्या प्रक्रियेतला आय-१४० नावाचा अर्ज मंजूर झाला असेल, किंवा त्या प्रक्रियेमुळे त्याला एच-१बी ची सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळाली असेल, तर बायको वर्क परमिट मागू शकते. पण त्याआधी नवऱ्याला एच-१बी तर मिळाला पाहिजे. त्याचा वर्षाचा कोटा ६५ हजार, शिवाय अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २० हजार. मार्चमध्ये नोंदणी, नंबर लागला तर काम ऑक्टोबरपासून. नाही लागला तर पुढच्या वर्षी पुन्हा. त्यानंतर कंपनीने ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू करायची, म्हणजे तेही कंपनीच्या मर्जीवर. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर तिच्या करिअरचा स्विच सिरीजमध्ये जोडलेला आहे. मधलं एक कनेक्शन सुटलं की दिवा बंद.

आणि ग्रीन कार्डची रांग? नोकरीच्या आधारावर जगभरच्या लोकांना वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, त्यातही एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा. २०२५ मध्ये आपल्या इंजिनियर लोकांच्या नेहमीच्या दोन गटांत ज्या भारतीयांचा नंबर येत होता, त्यांची प्रकरणं २०१३ च्या आसपास सुरू झालेली होती. तेव्हा आम्ही केजीत होतो! वर्क परमिट मिळालं तरी ते ठरावीक मुदतीचं असतं. पूर्वी नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला की बहुतेकांना जुन्या परमिटला आपोआप मुदतवाढ मिळायची. ३० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या नव्या अर्जांना ती सोय बंद झाली. नवं कार्ड हातात आलं नाही तर चालू नोकरी थांबवून घरी बसायचं. त्यात नवऱ्याची नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत नवी शोधायची, नाहीतर दोघांनी बॅगा भरायच्या.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येक देशाला स्वतःचे नियम करायचा हक्क आहे. मान्य. मी अमेरिकेला शिव्या घालायला बसलेले नाही. पण सगळे देश असेच नाहीत, हेही माहीत असू द्या. जर्मनीत ब्लू कार्डवर असलेल्याच्या जोडीदाराला जर्मन भाषेची परीक्षा न देता जाता येतं आणि तिथे गेल्यावर नोकरीही करता येते. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावाल्याच्या जोडीदाराला जवळपास कुठलंही काम करता येतं. उलट कॅनडाने जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्यांच्या जोडीदारांसाठीचे नियम कडक केले. म्हणजे युनिव्हर्सिटीची लिस्ट करताना रँकिंग, फी आणि हवामान बघतो, तसा 'जोडीदाराला काम करता येईल का' हा एक कॉलम वाढवायला काय हरकत आहे?

माझ्या रूममेटचं म्हणणं, "प्रेमात असला हिशोब करायचा नसतो." आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरही सांगायच्या की प्रेम मोजूनमापून करू नये. पटतं मला. पण प्रेम किती करायचं याचा हिशोब आणि प्रेमापायी काय सोडायचं याची माहिती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माहिती असून सोडलं तर तो त्याग. माहिती नसताना सुटलं तर ती फसगत, मग भले कोणीही फसवलेलं नसो. आणि अशी फसगत दोन-तीन वर्षांनी जेवणाच्या टेबलावर भांडण होऊन बाहेर येते. तेव्हा भांडण इमिग्रेशन खात्याशी करता येत नाही ना! समोर बसलेल्या माणसाशीच होतं.

आपल्याकडे लग्न ठरताना काय काय विचारतात! नाडी एक आहे का, मंगळ आहे का, हॉल किती लोकांचा. मुलगा 'यूएसला असतो' म्हटलं की पुढचे प्रश्नच बंद. घरचे विचारणार नसतील तर आपण विचारू या. व्हिसा कोणता? त्यावर मला काम करता येईल का? नसेल तर कधीपासून? ते कशावर अवलंबून आहे? तोपर्यंत मी तिकडे मास्टर्स करायचं का, आणि फी कोण भरणार? आणि शेवटचा प्रश्न, जो सगळ्यात अवघड आहे: काहीच जमलं नाही तर तू परत येशील का?

हे प्रश्न मुलांनीही स्वतःहून काढावेत. उद्या तिला ॲडमिट आला आणि तो मागून गेला तर त्याच्या पासपोर्टवरही एफ-२ च लागेल, कायदा मुलगा-मुलगी बघत नाही. किती मुलं अशी जायला तयार होतील, हे विंगमध्ये जरा विचारून बघा. उत्तरं ऐकण्यासारखी असतील.

मी स्वतः जाणार की नाही? अजून ठरलेलं नाही. पण कोणी 'तू तिकडे ये' म्हणालं, तर हो म्हणण्याआधी त्याच्यासोबत लायब्ररीत बसून एक तास व्हिसाचे नियम वाचीन. जो तो तास बसेल, त्याच्याबरोबर कुठेही जायला माझी तयारी आहे.