आधी बोडी, मग तरणतलाव

चंद्रपूरचा उन्हाळा हा आता केवळ स्थानिक चर्चेचा विषय राहिलेला नाही. पारा ४७ अंशांच्या पुढे गेला की देशातील, कधी जगातीलही, सर्वाधिक उष्ण शहरांच्या यादीत या जिल्ह्याचे नाव येते. अशा दिवसांत ताडोबाच्या भोवती, मोहर्ली आणि कोलारा या प्रवेशद्वारांच्या परिसरात उभ्या राहिलेल्या पर्यटक निवासांच्या जाहिरातींत निळ्याशार पाण्याचे तरणतलाव झळकत असतात. काही ठिकाणी तर प्रत्येक कुटीच्या परसात स्वतंत्र स्नानकुंड आणि उष्ण फवाऱ्यांचे टाके यांचे आश्वासन दिलेले असते. शहरातील सधनांच्या शेतघरांतही हीच हौस शिरू लागली आहे. याच दिवसांत त्याच परिसरातील अनेक गावांत विहिरीचा तळ दिसू लागतो आणि हातपंपावर रांग लागते. ही दोन चित्रे शेजारी ठेवून चार कडवट वाक्ये लिहिणे सोपे आहे. परंतु प्रश्न कडवटपणाने सुटणारा नाही. तो हिशेबाने आणि हक्काने सोडवावा लागेल.

पाण्यात डुंबण्याची आवड ही काही परक्या संस्कृतीची देणगी नव्हे. चंद्रपूरच्या स्थापनेची कथाच स्नानाची आहे. अंगभर गाठींनी पिडलेला गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीला गेला असता झरपट नदीच्या पात्रातील कुंडाच्या पाण्याने त्याची व्याधी हटली. पुढे राणीच्या सल्ल्याने त्याच जागी अचलेश्वराचे देऊळ आणि भोवती नगर वसले, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. जुनोन्याच्या तलावाकाठी गोंडकालीन जलमहालाचे अवशेष आजही उभे आहेत. राजाला जलक्रीडेची हौस होती, हे खरे. परंतु त्याच राजवटीची दुसरी परंपराही तेवढीच ख्यात आहे. जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याने भिजणारी जमीन मिळेल, अशी हीरशहाच्या काळची रीत सांगितली जाते. म्हणजे पाण्याचा उपभोग घेण्याआधी पाणी साठविण्याचे कर्तव्य येत होते. सरंजामी राजवटीला कळलेला हा क्रम लोकशाहीतील धनवंतांना कळू नये, ही शोचनीय गोष्ट आहे.

त्या क्रमाचे फळ म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतील मालगुजारी तलाव. अशा तलावांची संख्या साडेसहा हजारांहून अधिक भरते. कोहळी समाजाच्या पिढीजात जाणकारांनी उताराचा, मातीचा आणि ओढ्याच्या वळणाचा अचूक अंदाज घेऊन ते बांधले. पाळ, जादा पाणी सुखरूप बाहेर काढणारा सांडवा, शेतात पाणी सोडणारे तुडुम आणि त्यापुढचे पाट, अशी त्यांची रचना. एका तलावाचे ओसंडलेले पाणी खालच्या तलावात जाई. आणि ज्या शेतकऱ्याला मोठा तलाव आवाक्याबाहेरचा, त्याने आपल्या धानाच्या बांधीच्या वर लहानशी बोडी खोदावी. बोडी हा या मुलुखाचा खासगी तलावच होता. परंतु तो पावसाचे पाणी अडवी, शेजारच्या विहिरीला पाझर देई, ढिवरांना मासळी देई, गुरांना पाणी देई आणि गावच्या पोरांना पोहणे शिकवी.

मालगुजारी गेली ती योग्यच झाले. तत्कालीन मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने जमीनदारी हक्क संपुष्टात आले आणि तलाव शासनाकडे आले. पुढे त्यांतील बहुसंख्य लहान तलावांचा भार जिल्हा परिषदांवर पडला. मालगुजार गेला, पण त्याच्या जागी गाव आले नाही, कार्यालय आले. तुडुम कधी उघडायचे, पाळीची डागडुजी कोणी करायची, गाळ कोणी उपसायचा, हे ठरविणारी गावातली व्यवस्था मोडली आणि नवी उभी राहिली नाही. तलाव गाळाने भरले, बेशरमाच्या झुडपांनी काठ गिळले, काही ठिकाणी पात्रातच शेती शिरली. खासगी मालकी नष्ट करून सामाजिक मालकी निर्माण न करणे म्हणजे काय, याचा धडा ज्याला हवा असेल त्याने या तलावांच्या काठी जावे.

आता परसातल्या तरणतलावाचा हिशेब मांडू या. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल असा मध्यम तलाव घेतला, तर तो भरण्यास ७५ हजार लिटर पाणी लागते. जलजीवन मिशनने ग्रामीण माणसासाठी ठरविलेले प्रमाण दररोज ५५ लिटर आहे. म्हणजे १,३०० हून अधिक माणसांचे एका दिवसाचे पाणी त्यात मावते. एकदा भरले की काम संपले असे नाही. मे महिन्यात या प्रदेशात उघड्या पाण्याची पातळी केवळ बाष्पीभवनाने दररोज सुमारे एक सेंटीमीटर खाली जाते. वरील आकाराच्या तलावातून त्यामुळे रोज ५०० लिटर पाणी हवेत जाते. वाळूची गाळणी उलट्या प्रवाहाने धुताना दर खेपेस हजार-दोन हजार लिटर वाहून जातात. त्यातच बांधकाम नीट नसेल तर गळतीची भर. पश्चिमेकडील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर मुरमाचा पुरेसा थर न देता घाईने ओतलेले काँक्रीट दोन-तीन वर्षांत तडकते आणि मग तडा गेलेला तलाव बोअरच्या जोरावर भरत ठेवला जातो.

एवढ्यावरून तरणतलाव हाच तहानेचा एकमेव गुन्हेगार आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. नीट बांधलेला एक तलाव उन्हाळ्यात रोज दहा-बारा माणसांच्या वाट्याचे पाणी घेतो. एक हेक्टर उन्हाळी धानाला एका हंगामात त्याच्या शेकडोपट पाणी लागते. मालक मंडळी हेच गणित पुढे करतात. पर्यटनामुळे रोजगार मिळतो, हाही त्यांचा दावा निखालस खोटा नाही. वाटाडे, वाहनचालक, स्वयंपाकी, सफाई कामगार यांच्या घरात त्यातून पैसा येतो.

परंतु पाण्याचा हिशेब केवळ लिटरांत होत नसतो. ते कोठून घेतले आणि केव्हा घेतले हे अधिक महत्त्वाचे असते. धान शेतकऱ्याचे पोट भरते. तरणतलाव पाहुण्याची दुपार सुसह्य करतो. या दोन गरजा एका तराजूत घालता येणार नाहीत. शिवाय या जिल्ह्यांच्या मोठ्या भागात खडक कठीण आहे. पाणी भेगाभेगांत साठते आणि साठा तुटपुंजा असतो. एप्रिल-मेमध्ये खोल बोअरने त्या भेगांतील पाणी ओढले की जवळची उथळ विहीर आधी आटते. बोअर खोदणाऱ्याजवळ पैसा असतो, विहिरीवर अवलंबून असणाऱ्याजवळ नसतो. जमिनीवरची विषमता अशा रीतीने जमिनीखाली उतरते आणि तिथे ती डोळ्यांना दिसत नाही.

हे केवळ विदर्भातच घडते असे नव्हे. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन शहर २०१८ मध्ये पाणी संपण्याच्या उंबरठ्यावर आले, तेव्हा माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घालावी लागली आणि नगरपालिकेच्या पाण्याने तरणतलाव भरण्यास बंदी झाली. पुढे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा की, त्या शहरातील सुमारे १४ टक्के सधन लोक निम्म्याहून अधिक घरगुती पाणी वापरीत होते आणि त्यांतील बराचसा भाग बागा व तरणतलावांवर जात होता. टंचाई ही निसर्ग आणतो. ती कोणाच्या माथी बसायची हे समाजरचना ठरविते. महाराष्ट्रालाही हे परके नाही. २०१६ मध्ये लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागत असताना क्रिकेटच्या मैदानांवर पाणी फवारावे काय, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि सामने राज्याबाहेर हलविण्याचा आदेश निघाला.

कायद्यांची उणीव आहे असेही नाही. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ पुस्तकात आहे. अनुसूचित क्षेत्रांतील लहान जलाशयांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपविण्याची तरतूद १९९६ च्या पेसा कायद्यात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने जलाशयांतील मासळी व इतर उपजांवरील सामूहिक हक्क मान्य केले आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखविले आणि आपल्या गावात आपणच सरकार, हे वाक्य केवळ घोषणा नव्हे हे सिद्ध केले. उणीव आहे ती अंमलाची. ताडोबाच्या गाभा क्षेत्रातून बोटेझरी, नवेगाव, जामणी यांसारखी गावे वाघासाठी हलविण्यात आली. ज्या तारू देवाच्या नावावरून ताडोबा हे नाव पडले असे सांगतात, त्याच्या ठाण्याकडे जाण्याच्या आदिवासींच्या वाटेवरही नियमांचे कुंपण आले. वनसंरक्षणासाठी ज्यांनी घरदार सोडले, त्यांच्या शिवेलगत उपभोगाला मात्र मोजमाप नसावे, हा न्याय कोणता?

या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पोहता येणे ही चैन नव्हे. ती जीवनरक्षक विद्या आहे. मार्च २०२५ मध्ये नागभीड तालुक्यातील घोडाझरी तलावात पाच तरुण बुडाले. वैनगंगेचे डोह आणि खाणींचे पाण्याने भरलेले खड्डे यांनीही अनेक घरांतील मुले नेली आहेत. जी पिढी बोडीत पोहायला शिकत असे ती सरली. बोडी गाळाने भरली, आणि मुलाला उथळ, सुरक्षित, माहितीच्या पाण्यात शिकण्याची जागा उरली नाही. सधनाच्या मुलाला निळ्या टाक्यात शिक्षक मिळतो, गरिबाच्या मुलाला अनोळखी डोह मिळतो. बांगलादेशात गावतळ्यांत बांबूचे मंच आणि कुंपण उभारून हजारो मुलांना पोहणे शिकविण्यात आले. बांबूसाठी प्रसिद्ध असलेल्या गडचिरोलीला हा उपाय परवडणार नाही असे कोण म्हणेल?

तेव्हा मागणी तरणतलाव बुजविण्याची नाही. क्रम पाळण्याची आहे. वर्षाला १,२०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या भागात २०० चौरस मीटरचे छप्पर, काही पाणी वाया गेले असे धरूनही, सुमारे १ लाख ९० हजार लिटर पाणी देऊ शकते. म्हणजे वरील आकाराचा तलाव दोनदा भरून पाणी उरेल. ज्याला परसात तलाव हवा असेल त्याने आधी आपल्या आवारात बोडी खोदावी, छपराचे पाणी तीत उतरवावे आणि तरणतलाव त्यातूनच भरावा. बोअरवर मापक बसवावा आणि त्याचे आकडे ग्रामसभेपुढे ठेवावेत. तलाव रात्री आच्छादावा, पाणी वारंवार बदलण्याऐवजी गाळून वापरावे, क्लोरीनयुक्त पाणी नाल्यात सोडू नये आणि ते हाताळणाऱ्या मजुराला हातमोजे, मुखवटा व पुरेसे वेतन द्यावे. टंचाई जाहीर होताच बोअरच्या पाण्याने तरणतलाव भरणे बंद व्हावे. प्रत्येक खासगी तरणतलावावर उपकर बसवून ती रक्कम त्याच पंचक्रोशीतील मामा तलावाचा गाळ काढण्यासाठी आणि मुलांच्या पोहण्याच्या शिक्षणासाठी राखून ठेवावी. गोंदिया-भंडाऱ्याकडे ढिवर समाजातील स्त्रियांनी तलावातील बेशरम उपटून, देशी पाणवनस्पती लावून मासळी परत आणली आहे. त्यांचे हात आणि त्यांचे ज्ञान या कामी बोलवावे, ठेकेदाराची यंत्रे नंतर.

या मागण्यांत अवघड असे काही नाही. अवघड आहे ते एवढेच मान्य करणे की भूमीखालचे पाणी हे सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याची मालमत्ता नसून सर्वांची ठेव आहे. ती उचलण्याआधी तीत भर घालावी लागते. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळत होती. आजच्या राज्यात जमीन विकत घेणाऱ्याला पाणी फुकट मिळते. हा उलटा क्रम सुलटा करण्याचे काम येत्या पावसाळ्यापूर्वी ग्रामसभांनीच हाती घेतले पाहिजे. कारण जून उजाडला की कोरड्या विहिरींची आठवण शासनालाही राहत नाही आणि पाहुण्यांनाही नाही.