विसरलेली ठेव

श्रावकाच्या व्रतांचा विचार करताना असत्य आणि चोरी यांचे ढोबळ अर्थच बहुधा डोळ्यांपुढे येतात. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात मात्र आचार्य उमास्वामींनी सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘न्यासापहार’ हा एक सूक्ष्म दोष नोंदविला आहे. ठेव ठेवणाऱ्यास रक्कम नेमकी आठवली नाही व त्याने कमी मागितली, तर ‘हो, तेवढीच होती’ असे म्हणून उरलेली आपल्याकडे राहू देणे, हा तो दोष. येथे काही हिसकावलेले नसते. दुसऱ्याच्या विस्मरणाला होकार दिलेला असतो, एवढेच.

पूर्वी बँकेत खातेवही हाताने लिहिली जाई. लहान गावात लिपिक खातेदाराला चेहऱ्याने ओळखत असे आणि ठेवीची मुदत भरल्याचा निरोप बाजारातही मिळून जाई. संगणकाने हिशेब अचूक व जलद केले. परंतु खातेदार खिडकीपासून दूर गेला. पत्ता बदलतो, भ्रमणध्वनीचा क्रमांक बदलतो, घरातील कर्ता पुरुष अकस्मात जातो आणि कपाटातील पावत्यांची माहिती पत्नीला नसते. अशा वेळी कोणाचीही लबाडी नसताना ठेव बेवारस होते.

दहा वर्षे दावा न झालेल्या ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होतात. तरीही ठेवीदाराचा किंवा वारसांचा हक्क बुडत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर अनेक बँकांतील अशा ठेवींचा शोध एकाच ठिकाणी घेता येतो. मागणी मात्र संबंधित बँकेतच करावी लागते.

हिशेबाची सवय असलेल्या निवृत्तांना येथे सेवेचे मोठे क्षेत्र आहे. एखाद्या वृद्धेसोबत बँकेत जाणे, अर्ज भरून देणे, मृत्यूचा दाखला व ओळखीची कागदपत्रे क्रमाने लावून देणे, यास धन लागत नाही. वेळ आणि संयम लागतो. मात्र या सेवेलाही मर्यादा हवी. मिळणाऱ्या रकमेत वाटा मागू नये, कोणाचा पासवर्ड वा ओटीपी विचारू नये आणि घरातील आकडे मंदिराच्या पायरीवर बोलू नयेत. दुसऱ्याचे गुपित फोडणे हादेखील त्याच व्रताचा अतिचार सांगितला आहे.

आणखी एक गोष्ट कुटुंबांनी समजून घ्यावी. नामनिर्देशित व्यक्ती बँकेकडून रक्कम स्वीकारते. तेवढ्याने ती मालक ठरत नाही, वारसांची विश्वस्त ठरते. धाकट्या बहिणीला ठेवीची कल्पना नाही म्हणून थोरला भाऊ मौन पाळत असेल, तर बँकेची कागदपत्रे निर्दोष असूनही न्यासापहार घरातच घडतो.

पर्युषणात क्षमा मागण्यापूर्वी प्रत्येक घराने आपल्या ठेवींची एक यादी करून ती सर्वांसमक्ष वाचावी. काही क्षमा मागण्याची वेळच त्यामुळे येणार नाही.