ओहोटी आणि प्रमोशन

गेल्या महिन्यात वीकेंडला अलिबागला गेले होते, ‘जरा डोकं शांत करायला’. हल्ली आपण सगळे त्यासाठीच कुठे ना कुठे जातो, नाही का? दोन दिवस समुद्र पाहिला, सोलकढी प्यायले. पण खरं सांगू? डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. सोमवारी ऑफिसात प्रमोशनची लिस्ट लागणार होती.

सोमवारी सकाळी एसटीने रेवसला आले. भाऊच्या धक्क्याची लाँच पकडून थेट ऑफिस गाठायचं, असा प्लॅन. तर समोर ओहोटी! ‘पाणी चढलं की सुटेल,’ खलाशी म्हणाला आणि कामाला लागला. दोर गुंडाळला, इंजिनात डोकं घातलं, डेक पुसला. मी मात्र दर दोन मिनिटांनी मोबाईल बघत होते. जणू त्याने पाणीही चढणार होतं आणि लिस्टही लागणार होती! त्या माणसाने स्वतःचं काम चोख केलं आणि भरतीचं काम भरतीवर सोडलं.

रेवस हे धरमतर खाडीचं तोंड. खाडीने आत गेलं की पेण तालुका, आणि त्यातलं गागोदे म्हणजे विनोबा भाव्यांचं जन्मगाव. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी एक अध्याय, असे 18 रविवार. साने गुरुजींनी ती लिहून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हातात आहे.

धक्क्यावर बसल्याबसल्या ते पुस्तक आठवलं. काम सोडा, असं गीता कुठेच म्हणत नाही. काम जीव ओतून करा, फळाला चिकटू नका, एवढंच. पण मन ऐकत नाही त्याचं काय? सहाव्या अध्यायात अर्जुनाचीही हीच तक्रार आहे. कृष्णाचं उत्तर : अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं. दोन दिवसांच्या पॅकेजमध्ये ते कुठून बसणार?

लाँच सुटली. लिस्ट लागली. माझं नाव नव्हतं. वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. वैराग्य वगैरे काही आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी बॉससमोर बसून ‘कुठे कमी पडले?’ हे विचारलं. तेवढं माझ्या हातात होतं.

तेव्हापासून एक नियम केलाय. रात्री नऊनंतर ऑफिसचा मेल उघडायचा नाही. आतापर्यंत पाच वेळा मोडला. मोडला की दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. तुम्हीही करून बघा आणि मोडला तर फार मनाला लावून घेऊ नका. काल रात्री साडेनऊला मोबाईल वाजला. मी भांडी घासत होते. घासून झाली, पुसून जागेवर लावली आणि झोपले.