कूलरचा पंखा रुसला तर

मैत्रिणींनो, होळी झाली की आपल्या नांदेड-लातूरकडे घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. जाळ्यांत नवं गवत भरायचं, टाकीचा गंज खरवडायचा, हौसेनं बटण दाबायचं, आणि पंखा फिरतच नाही! बाहेर पारा ४२ च्या घरात, आणि वायरमन म्हणतो, "ताई, परवा येतो."

तोवर आपल्याला बरंच काही पाहता येतं. आधी नुसता कान द्या. आवाज अजिबात नसेल तर वीज मोटारीपर्यंत पोचतच नसावी. त्याच सॉकेटला इस्त्री लावून पाहा. ती तापली तर दोष कूलरच्या पिनेत, वायरीत, बटणात नाहीतर मोटारीत. वर्षभर अडगळीत पडलेल्या कूलरची वायर उंदरानं कुरतडणं ही तर नेहमीचीच गोष्ट. जळका वास आला असेल तर मोटारीचं वाइंडिंग गेलं समजा आणि बटणाशी खेळत बसू नका.

घूं घूं आवाज येतो पण पंखा हलत नाही, असं असेल तर लगेच बंद करा. तशीच चालू राहिली तर मोटार तापून जळते. संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं असतानाही असंच होतं; छताचा पंखा रेंगाळत असेल तर दोष कूलरचा नव्हे. तसं नसेल तर पिन सॉकेटातून काढा (नुसतं बटण बंद करून भागत नाही बरं का) आणि पातं हातानं फिरवा. जड फिरलं तर बुश सुकलेत. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडा. खोबरेल नको, ते चिकटून बसतं. पातं हलकं फिरत असेल तर बहुधा कंडेन्सर गेलेला असतो. दुकानात त्यालाच कपॅसिटर म्हणतात. त्यावर २.५ किंवा ४ असा आकडा छापलेला असतो, नवा त्याच आकड्याचा हवा. बदलायचं काम मात्र वायरमनलाच करू द्या, कारण पिन काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते. काहीजणी चालू कूलरमध्ये काडी घालून पात्याला धक्का देतात. पंखा फिरतोही, पण हे धाडस नको.

आता महत्त्वाचं. पत्र्याचा कूलर, आत पाणी, खाली ओली फरशी आणि घरात अनवाणी पोरं! दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून कुणी दगावल्याची बातमी येतेच. तीन पिनांतली जाड, लांब पिन अर्थिंगची. ती तोडून किंवा दोन पिनांची वायर जोडून कूलर कधीच लावू नका. सॉकेटला अर्थिंग आहे का, हेही वायरमनकडून तपासून घ्या. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. उन्हाळ्यात आपली काळी माती सुकून भेगाळते, तशी अर्थिंगच्या खड्ड्यातलीही सुकते आणि अर्थिंग कुचकामी होतं. भांडी विसळलेलं पाणी अधूनमधून त्या खड्ड्यात ओतत जा. ३० मिलिअँपियरचा गळती-स्विच बसवून घेतलात तर फारच उत्तम. एका साडीच्या पैशात तो येतो.

टाकी भरताना पिन काढलेली हवी, पायात रबरी चप्पल हवी. कुणी कूलरला चिकटलंच तर त्याला हात लावू नका, आधी मेन स्विच पाडा.

पंखा फिरतोय पण गारवा नाही, तर पंप पाहा. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी त्याची जाळी नि वरच्या नळीची भोकं बुजतात, ती टाचणीनं मोकळी होतात. टाकी कोरडी असताना पंप चालवू नका. तो पाण्यानंच थंड राहतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. तसल्या टंचाईत पंप बंद ठेवून नुसता पंखाच लावायचा. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास होतात. ते पाणी झाडांना चालतं, पण क्षार फार असतील तर तुळशीला नको.

मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की पंप बंदच करा. तेव्हा गारवा येत नाही, अंथरुणं मात्र ओलसर होतात.