न सापडलेल्या फाइलीचा धडा

संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात आपल्याकडे यंत्राच्या अनेक भाषा शिकविल्या जातात. परंतु यंत्राने दाखविलेली चूक कशी वाचावी, हे शिकविण्याची व्यवस्था मात्र क्वचितच आढळते. राजुऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला या उणिवेची किंमत शहरातल्या विद्यार्थ्यापेक्षा अधिक मोजावी लागते. अडले असता विचारावे असा जाणता माणूस शेजारी असतोच असे नाही. म्हणूनच वरवर निव्वळ तांत्रिक वाटणारा एक विषय येथे चर्चेस घेतला आहे.

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. आज या प्रणालीवर चालणाऱ्या बहुतेक आज्ञावलींची मूळ संहिता कोणालाही मिळू शकते. ती संहिता आणून तिचे चालते रूप आपल्याच यंत्रावर तयार करणे, यास कंपाइल करणे म्हणतात. तयार पॅकेज उपलब्ध असेल तेथे हा खटाटोप करण्याचे कारण नाही. परंतु नवी आवृत्ती हवी असेल, एखादी सुधारणा करावयाची असेल, तर दुसरा मार्ग उरत नाही. संहिता हाती असून ती उभी करता येत नसेल, तर तो हक्क सातबाऱ्यावर नाव असूनही शेतात कधी पाऊल न टाकलेल्या मालकाच्या हक्कासारखाच समजावा लागेल.

आता अडचण अशी की, कोणतीही आज्ञावली एकटी उभी राहत नाही. चित्र उघडणे, अक्षर रेखाटणे ही कामे तिने इतरांनी लिहिलेल्या लायब्ररींवर सोपविलेली असतात. त्यांतील एखादी नसली की काम थांबते आणि पडद्यावर ओळ उमटते : अमुक नावाची फाइल सापडत नाही. ती आणावी, तर तिला आणखी तिसरी हवी असते. आमच्या कारकून बंधूंना ही साखळी नवी नाही. नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यास उत्पन्नाचा दाखला लागतो आणि उत्पन्नाच्या दाखल्यास तलाठ्याचा अहवाल लागतो. फरक इतकाच की, खिडकीवर पुष्कळदा 'कागद अपुरे आहेत' एवढेच ऐकावयास मिळते. यंत्र मात्र नेमका कोणता कागद अपुरा, ते नावानिशी सांगते. आपण ते नाव वाचीत नाही, हा दोष यंत्राचा नव्हे.

बहुतेकांचा गोंधळ उडतो तो एका साध्या गोष्टीवरून. लायब्ररी यंत्रावर आहे, तरीही ती सापडत नाही अशी तक्रार येते. याचे कारण असे की, एकाच लायब्ररीची दोन पॅकेजे असतात. एक, तयार आज्ञावली चालविण्यापुरते. दुसरे, नवी आज्ञावली तयार करताना लागणाऱ्या वर्णन-फाइलींचे. डेबियन व उबुंटूमध्ये दुसऱ्याच्या नावापुढे 'डेव्ह' आणि फेडोरामध्ये 'डेव्हल' असे जोडलेले असते. न सापडलेली फाइल कोणत्या पॅकेजात आहे, हे डेबियनवर 'अ‍ॅप्ट-फाइल' हे साधन सांगते. आणि भांडारात असलेल्या एखाद्या आज्ञावलीसाठी लागणारा सगळा सरंजाम 'अ‍ॅप्ट'च्या 'बिल्ड-डेप' या एकाच आज्ञेने आणता येतो. तयार झालेली आज्ञावली चालविताना लायब्ररी सापडेनाशी झाली, तर ती कोठे ठेवली आहे याची नोंद 'एलडीकॉन्फिग' चालवून अद्ययावत करावी लागते. उपाय एवढेच आहेत. ते पाठ करण्यापेक्षा चुकीची पहिली ओळ शांतपणे वाचण्याची सवय लागणे अधिक महत्त्वाचे आहे. शेवटची ओळ पुष्कळदा पहिलीचाच परिणाम असते.

सवय नसली की माणूस आडवाट धरतो. कोठून तरी अनोळखी जागेवरून फाइल आणून टाकतो, अथवा जुन्या आवृत्तीला नव्या आवृत्तीच्या नावाची पाटी लावतो. हा खोटा दाखला काही काळ चालतो आणि नेमक्या वेळी उघडा पडतो. उसनवारी कोणाकडून करीत आहोत, हे पाहणे किती अगत्याचे आहे, ते मार्च २०२४ मध्ये जगाला कळून चुकले. 'एक्सझेड' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत, विश्वास संपादन केलेल्या एका साहाय्यकाने चोरवाट पेरली होती. आणि ती पेरली जात असे कंपाइल करतेवेळीच. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ प्रवेशास लागणारा अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला, म्हणून ती सापडली.

थांबणारी चूक मात्र एका अर्थी प्रामाणिक असते. खरे भय आहे ते न थांबणाऱ्या चुकीचे. याचे उदाहरण मराठी वाचकाच्या अगदी जवळचे आहे. प्रमाणपत्रांवर शेकडो नावे छापण्यासाठी 'इमेजमॅजिक' ही आज्ञावली उपयोगी पडते. देवनागरीतील जोडाक्षरे व वेलांट्या जुळविण्यासाठी ती 'रक्म' या लायब्ररीवर विसंबते. आणि 'रक्म' पुढे 'हार्फबझ'वर. यांतील पहिला शब्द अरबी असून आपली 'रक्कम' त्याच कुळातली; दुसऱ्यातील 'हर्फ' म्हणजे अक्षर. एके काळी निजामी राज्यात असलेल्या राजुरा परगण्याला हे शब्द परके वाटू नयेत.

कंपाइल करताना 'रक्म' नसली, तर इमेजमॅजिक थांबत नाही. तपासणीच्या अखेरच्या तक्त्यात 'रक्म'पुढे मागणी 'होय' आणि प्राप्ती 'नाही' अशी एक नोंद उमटते, आणि काम पुढे चालू राहते. तो तक्ता कोणी वाचीत नाही. मग चाचणीदाखल 'राजुरा' छापून पाहावे, तर फारसे काही वावगे दिसत नाही. कारण या नावात जोडाक्षर नाही की पहिली वेलांटी नाही. 'चंद्रपूर' छापले की मात्र द पाय मोडून उभा राहतो आणि र त्याच्यापासून वेगळा पडतो. 'गडचिरोली'तली वेलांटी च सोडून र च्या डोक्यावर जाऊन बसते. उपाय 'रक्म'चे 'डेव्ह' पॅकेज आणण्याचा. पण तेवढ्याने भागत नाही, तपासणी पुन्हा पहिल्यापासून चालवावी लागते. आपल्याच गावाचे नाव नीट उमटले म्हणून समाधान मानणाऱ्याला जिल्ह्याचे नाव बिघडल्याचे कळतच नाही.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामात मुक्त प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. सी-डॅकची 'बॉस' ही प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे. परंतु धोरण राबवावयाचे, तर बिघडलेली वेलांटी पाहून 'कोणता भाग राहिला?' असे विचारणारी माणसे तालुक्यातालुक्यात हवीत. ती घडणार कोठे? प्रयोगशाळेत सर्व काही आधीच बसवून ठेवलेले असते. प्रात्यक्षिक वहीत बरोबर आलेले उत्तरच उतरविले जाते आणि त्यावर सही होते. चूक आली, ती का आली, ती कशी दूर केली, याला वहीत जागाच नसते. ज्या वहीत चूक नाही ती वही बहुधा दुसऱ्याच्या वहीवरून उतरलेली असते, हे शिक्षकांना ठाऊक नसते असे नाही.

तेव्हा मागणी दोनच गोष्टींची आहे. पहिली, वर्षाकाठी निदान एक आज्ञावली प्रत्येक विद्यार्थ्याने मूळ संहितेपासून कंपाइल करावी आणि आलेली प्रत्येक चूक उपायासह वहीत लिहावी. गुण त्या नोंदीला द्यावेत. दुसरी, प्रत्येक महाविद्यालयाने डेबियनसारख्या एका प्रणालीच्या पॅकेजांचे भांडार स्वतःच्या यंत्रावर उतरवून ठेवावे. त्यावर मूळ प्रकल्पाची डिजिटल सही असल्याने खरेखोटे तपासता येते, आणि इंटरनेट रेंगाळले तरी विद्यार्थ्याचे काम अडत नाही. ग्रंथालयासाठी कपाटे घेतो, तेथे एक हार्डडिस्क जड होऊ नये.

दुसऱ्यांच्या श्रमावर विसंबून राहण्यात कमीपणा काहीच नाही. सारे ज्ञान तसेच उभे राहते. आपण कोणावर विसंबून आहोत आणि त्यातले काय हरवले आहे, हे मात्र ठाऊक असावयास हवे. ते सांगणारी ओळ पडद्यावर रोज उमटत आहे. राजुऱ्याच्या विद्यार्थ्याला ती वाचावयास शिकविली, तर गडचिरोलीची वेलांटी जागेवर आणण्यासाठी कोणाला पुण्या-मुंबईकडे पाहावे लागणार नाही.