कार्ड 5 लाखांचं, पण कानाचं मशीन त्यात बसत नाही

मंडळी, गेल्या आठवड्यात भिलारकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याचा फोन आला. "भाऊ, फुले योजनेचं कार्ड घेणारा कानाचा डॉक्टर आपल्याकडं कुठाय ओ? आईला काय ऐकूच येईना झालंय." आईचं वय 72. रानातून घरी येताना मागून जीप आली, हॉर्न वाजवला, यांना पत्ताच नाही. ड्रायव्हर सावध होता म्हणून निभावलं.

मला वाटलं, दोन फोनचं काम. चार दिवस गेले. पाचगणीत विचारलं तर म्हणाले वाईला बघा. वाईतून साताऱ्याचं नाव निघालं. साताऱ्यात एका ठिकाणी "तपासणी एकदम फ्री" म्हणाले, पण पुढचा प्रश्न होता, "बजेट किती आहे?" कार्डाचं नाव काढल्यावर समोरचा माणूस हसला.

त्याचं हसणं मला लागलं, पण चूक त्याची नव्हती. चूक आपल्या प्रश्नातच आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत, दोन्ही उभ्या आहेत त्या ॲडमिट होणाऱ्या पेशंटसाठी. कानाचा पडदा फाटलाय, हाड सडलंय, ऑपरेशन करायचंय, तर कार्ड उपयोगी पडतं. पण वयानं ऐकू कमी झालं, तर त्याला खाट लागत नाही. लागते ती ऑडिओमेट्री, म्हणजे हेडफोन लावून ऐकण्याची तपासणी, आणि मग मशीन. हे सगळं ओपीडीतलं काम, आणि ओपीडी या कार्डात नाही. या माऊलीकडं दोन कार्डं आहेत. एक घराचं, दुसरं 70 वर्षांवरच्या सगळ्यांसाठी ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेलं वय वंदना. दोन्हींवर 5 लाख लिहिलंय. काही हजारांच्या मशीनला त्यातला एक रुपया नाही.

आता गंमत बघा. सरकारी पैशातून कानाचं मशीन मिळतच नाही असं नाही. केंद्राच्या कर्मचाऱ्याला सीजीएचएसमधून मिळतं. कारखान्यातल्या कामगाराला ईएसआयसीतून मिळतं. माजी सैनिकाला ईसीएचएसमधून मिळतं, आणि आपला जिल्हा तर फौजींचा. (घरात कोणी फौजेतून रिटायर झालं असेल तर आधी साताऱ्याच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये विचारा. अनेकांना हे माहीतच नसतं.) म्हणजे मशीन देता येतं, हे सरकारलाही ठाऊक आहे. फक्त शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या कार्डावर ते लिहायचं राहिलंय. राहिलंय की ठेवलंय, हे तुम्ही ठरवा.

शेवटी आम्ही त्यांना सातारा सिव्हिलला नेलं. केसपेपर काढला, ईएनटीनं कान साफ आहेत का बघितलं आणि ऑडिओमेट्री झाली. रिपोर्ट आला, दोन्ही कान 55 डेसिबलच्या आसपास. आपण समोरासमोर बोलतो तो आवाज साधारण 60 डेसिबलचा असतो. म्हणजे बाईंना बोलणं जेमतेम कुजबुजीसारखं पोचतंय. पण 2016 च्या दिव्यांग कायद्यात "ऐकायला कमी" ही व्याख्याच मुळी 60 डेसिबलपासून सुरू होते. 55 वाली व्यक्ती कायद्याला धडधाकट. 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र नाही, त्यामुळं एडिप योजनेतलं मोफत मशीनही नाही. आजीबाईंनी अजून थोडं बहिरं व्हावं आणि मग यावं, असा याचा अर्थ होतो.

त्यांच्यासाठी दोन वाटा उरतात. राष्ट्रीय वयोश्री योजनेत 60 च्या पुढच्या गरीब घरातल्या ज्येष्ठांना मशीन मिळतं आणि प्रमाणपत्राच्या टक्केवारीत अडकावं लागत नाही. पण ते शिबिरात मिळतं, आणि शिबिर कधी लागेल ते आपल्या हातात नाही. दुसरी, राज्याची मुख्यमंत्री वयोश्री. वय 65 च्या पुढं, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 2 लाखांच्या आत, तर खात्यावर एकदाच 3 हजार. त्यात चष्मा घ्या, काठी घ्या, नाहीतर कानाचं मशीन घ्या. 3 हजारांत बरं डिजिटल मशीन येत नाही. येतो तो नुसता आवाज मोठा करणारा डबा. भांड्याचा आवाजही मोठा, कुत्र्याचाही मोठा आणि सुनेचाही मोठा. दोन दिवसांत वैतागून माणूस तो ट्रंकेत टाकतो.

म्हणूनच ऑडिओलॉजिस्ट जवळ असावा लागतो. मशीन म्हणजे चष्मा नव्हे की नंबर काढला, लावला, झालं. कोणत्या सुरात किती कमी ऐकू येतं ते मोजून मशीन लावायचं असतं. महिनाभरात दोन-तीनदा परत बोलवून सेटिंग बदलायचं असतं. आमच्याकडनं प्रत्येक वेळी पसरणी घाट उतरायचा, वाईत एसटी बदलायची, सातारा गाठायचा. आई आणि लेक, दोघांचा दिवस बुडाला. तापोळ्याकडच्या माणसाचं तर बोलूच नका.

आणि कृपा करून हॉलमधल्या "मोफत कर्णतपासणी" शिबिरात लगेच पैसे मोजू नका. आधी तपासणाऱ्याचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. ऑडिओमेट्रीचा कागद हातात मागा. देत नसतील तर उठा.

लहान मूल असेल तर गोष्ट वेगळी आहे, तिथं थांबू नका. 18 वर्षांपर्यंतची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मोफत आहे. बाळ आवाजाला दचकत नसेल तर अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात आजच सांगा. सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू झाले तर बोलणं येण्याची आशा खूप जास्त असते.

मी जिल्हा शल्यचिकित्सकांना एक निवेदन लिहिलंय. मागणी मोठी नाही. सिव्हिलच्या ऑडिओलॉजिस्टनं महिन्यातून एक ठरलेला दिवस महाबळेश्वर तालुक्यात बसावं, तारीख आधी जाहीर व्हावी. दुसरी मागणी आमदार-खासदारांकडं आहे. ऑडिओमेट्री आणि मशीन फुले योजनेच्या यादीत घाला.

ज्यांच्या घरात असा कोणी आहे त्यांनी सोमवारी सकाळी 10 वाजता नगरपालिकेजवळ सहीला यावं. भिलारच्या आजीबाईही येणार आहेत. त्यांच्याशी जरा समोर उभं राहून, सावकाश बोला.