शिक्षक जन्मावाच लागतो?

शिक्षक जन्मावा लागतो, घडवता येत नाही, असे बी.एड.च्या वर्गांतून आजही ऐकू येते. सराव पाठात खणखणीत बोलणारा, फळ्यासमोर सहज वावरणारा विद्यार्थी निरीक्षकांच्या नजरेत भरतो. बुजरा मागे पडतो. या मताला थोडा आधार आहे. भरलेला वर्ग सावरायला धीटपणा लागतोच, आणि मुलांविषयीची माया पाठ टाचणातून येत नाही. पण म्हणून स्वभावालाच कौशल्य समजणे मला साफ नामंजूर आहे.

साधी वजाबाकी घ्या. ५२ मधून २७ वजा करताना मूल ३५ लिहिते. बोलका शिक्षक ‘लक्ष कुठे आहे?’ म्हणतो आणि तीच रीत पुन्हा हसतखेळत सांगतो. मुलाचे लक्ष जागेवरच असते. मोठ्यातून लहान काढायचे, हा आधी शिकलेला नियम त्याने इमानाने पाळला आणि सातातून दोन काढले. हे उमगायला संध्याकाळी वह्या घेऊन बसावे लागते, चुका ताडून पाहाव्या लागतात, पुस्तक उघडावे लागते. दुसऱ्या दिवशी काड्यांचा गठ्ठा सोडून दशक सुटा करून दाखवणारा शिक्षक, आवाज बारीक असला तरी, कसबी म्हणायचा. मुलाचे अडलेले नेमके सापडू लागले की शिक्षकाची स्वतःची भीडही चेपते. स्वभाव अभ्यासाला वळण देतो, तसा अभ्यास स्वभावाला.

प्रशिक्षणाची मुदत वाढवली की शिक्षक घडतील, हाही भ्रमच. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. पण गेल्या वर्षीची टाचणे उतरवून काढणाऱ्याला चार वर्षे दिली तरी काय होणार?

अभ्यास काय करतो, हे बालशिक्षणात काम केलेल्या अनुताई वाघ यांच्याकडे पाहून कळते. त्या १९२९ साली पुण्यातून प्रशिक्षण घेऊन शिक्षिका झाल्या. पुढे नोकरी सांभाळून रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या, पन्नाशी उलटल्यावर पदवी घेतली. त्यांच्या जिद्दीला उपजत म्हणा हवे तर. पण गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांच्यासोबत कुरणातच भरणाऱ्या कुरणशाळा काढल्या, ती कल्पना मुलांचे दिवसभराचे जगणे बारकाईने अभ्यासल्यामुळे आली.

तेव्हा पाठ निरीक्षणात आवाज, हावभाव, फलकलेखन खुशाल तपासा. त्याच्या जोडीला, मागच्या पाठात काय फसले, त्यासाठी विद्यार्थ्याने आपणहून काय वाचले आणि या पाठात काय बदलले, हेही विचारा आणि त्याला गुण द्या.